परवाना कोणाचा, बंदूक कोणाची?

(मुलुंड येथील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ज्या वकीलसाहेबांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालत आली आहे, त्यांनी आपली सारी हयात फौजदारी न्यायालयांत घालविली आणि कायद्याचे कलम वाचताना त्या कलमापाठीमागे उभा असलेला माणूस आधी पाहावा, ही शिस्त आपल्या कनिष्ठांना लावली. त्यांच्या नावे बोलावयाचे तर विषयही असाच घ्यावा की ज्यात कलम एकीकडे आणि माणूस दुसरीकडे अशी फारकत झालेली आहे, असे मला वाटले. आणि म्हणून शस्त्रांचा परवाना, शस्त्रांचा व्यापार आणि त्यांचा खरेदीदार हा विषय मी आपल्यापुढे मांडीत आहे.

मुंबईच्या उपनगरांत बंदुकीचा विचार करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल तर तो अस्थानी नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही लोकलच्या वेळापत्रकावर जगणाऱ्या नोकरदारांची आणि लहानमोठ्या व्यापाऱ्यांची वस्ती; येथील सामान्य कुटुंबात कोणी बंदूक हाती धरलेली नसते, आणि शस्त्रांच्या दुकानाची पायरी चढण्याचा प्रसंग बहुतेकांवर जन्मात येत नाही. देशाचा हिशेब पाहिला तरी महाराष्ट्र या बाबतीत पुष्कळ मागे आहे, आणि ते बरेच आहे: केंद्रीय गृहखात्याच्या आकड्यांप्रमाणे २०१६ सालच्या अखेरीस भारतात सुमारे ३३ लाख ६९ हजार शस्त्रपरवाने चालू होते, त्यांपैकी एकट्या उत्तर प्रदेशात १२ लाख ७७ हजारांहून अधिक, आणि महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. तथापि घाटकोपरच्या बँकेच्या दारात, बोरिवलीतील सराफाच्या पेढीसमोर, अंधेरीतील एखाद्या चित्रीकरणगृहाच्या फाटकाशी किंवा मुलुंडच्या एखाद्या धनिकाच्या मोटारीमागून चालणाऱ्या दुसऱ्या मोटारीत शस्त्र असतेच असते, ते आपण रोज पाहतो, आणि पाहून पुढे जातो. ते शस्त्र कोणी विकत घेतले, कोणत्या जिल्ह्याच्या दफ्तरी त्याची नोंद आहे, आणि ज्याचे रक्षण ते करीत आहे त्याचा त्या परवान्याशी संबंध काय, हे प्रश्न आपण कधी विचारीत नाही. ते विचारावेत, एवढ्याचसाठी मी येथे उभा आहे.

या देशातील शस्त्रकायद्याचा जन्म अविश्वासातून झाला, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. १८५७ च्या उठावाची धग विझते न विझते तोच हत्यारे काढून घेण्याचा कायदा झाला, १८६० साली तो अधिक विस्तृत करण्यात आला, आणि १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या अमदानीत हिंदुस्थानच्या शस्त्र कायद्याने त्याला पक्के रूप दिले. त्याच वर्षी याच लिटनसाहेबांनी देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या मुस्कटदाबीचाही कायदा केला होता. रिपनसाहेब आले, वृत्तपत्रांवरील बंधन गेले. हत्यारांवरील मात्र राहिले, कारण लेखणीपेक्षा बंदुकीचे भय सरकारला अधिक वाटत होते. त्या कायद्यातले खरे शल्य बंधनापेक्षा भेदाचे होते: गोऱ्या इसमाला सूट आणि एतद्देशीयाला परवाना. १८८७ साली मद्रासला बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रसभेचे तिसरे अधिवेशन भरले, तेव्हा या कायद्यात दुरुस्ती व्हावी असा ठराव झाला. आणि १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क हे एक स्वतंत्र कलमच घालण्यात आले. पंडित-पुढारी ज्या कायद्याविरुद्ध अर्धशतकभर अर्ज करीत राहिले, त्या कायद्याने क्रांतिकारकांना मात्र कधी अडविले नाही. लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या सामानातून वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात उतरली आणि १९०९ च्या डिसेंबरात नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जॅक्सनवर त्यांतलेच एक झाडले गेले. १९१४ च्या ऑगस्टात कलकत्त्याच्या रोडा कंपनी या प्रख्यात बंदूकविक्रेत्यांच्या मालातून पन्नास माउझर पिस्तुले आणि सुमारे सेहेचाळीस हजार काडतुसे भरदिवसा बैलगाडीतून पसार झाली, आणि ती पसार करणारा त्याच कंपनीचा एक कारकून होता. त्या दुकानाचा परवाना सर्वस्वी निर्दोष होता. शस्त्र परवान्यापासून सुटे झाले ते गोदीपासून दुकानापर्यंतच्या वाटेवर.

स्वातंत्र्य आल्यावर कराचीचा ठराव घटनेत उतरेल अशी काहींची अपेक्षा होती. १९४८ च्या डिसेंबरच्या आरंभी घटनासमितीत हरि विष्णु कामत यांनी तशी उपसूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. असा हक्क सरसकट दिला तर तो गुन्हेगारालाही द्यावा लागेल, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता, आणि सभागृहाने उपसूचना फेटाळली. घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात नागरिकाला एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य मिळाले ते शांततेने आणि विनाशस्त्र, या दोन शब्दांसह. अमेरिकेने १७९१ च्या घटनादुरुस्तीने जी वाट धरली आणि जिला २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने व्यक्तीच्या हक्काचे रूप दिले, ती वाट आपण विचारपूर्वक नाकारली. हा निर्णय योग्य होता, याविषयी माझ्या मनात यत्किंचित संदेह नाही. परंतु हक्क नाकारल्यानंतर परवाना उरतो, आणि परवाना देणाऱ्या राज्यसंस्थेवर अशी जबाबदारी येते की तो कोणाला दिला आणि दिल्यानंतर त्याचे काय झाले, याची रुजुवात तिच्यापाशी असली पाहिजे.

१९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या रचनेकडे नीट पाहिले तर दिसते की सारा डोलारा एका व्यक्तीच्या खांद्यावर उभा आहे. तिसरे कलम म्हणते की परवान्यावाचून कोणीही अग्निशस्त्र बाळगू नये. तेराव्या कलमाखाली अर्जदाराच्या वास्तव्याच्या जागेजवळील पोलीस ठाण्याचा अहवाल मागवावा लागतो. चौदावे कलम नकाराची कारणे सांगते, आणि त्यात एक अतिशय उदार पोटकलम आहे: अर्जदारापाशी पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच सबबीवर परवाना नाकारता येणार नाही. मुंबईत हे सारे अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहेत, मग अर्जदार कुलाब्याचा असो की दहिसरचा. मुलुंड आणि बोरिवली १९५७ साली बृहन्मुंबईत येईपर्यंत ठाणे जिल्ह्याचा भाग होती, त्यामुळे काही जुन्या घराण्यांच्या कागदांवर ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्याचा शिक्का आढळला तर त्याचे नवल नाही. २०१६ च्या नियमांनी या व्यवस्थेला आणखी काटेकोर केले. अर्जदाराने शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घेतलेले असावे, वैद्यकीय दाखला जोडावा, घरी शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी, पोलिसांनी तीस दिवसांत अहवाल द्यावा आणि अहवाल मिळाल्यापासून साठ दिवसांत परवाना अधिकाऱ्याने निर्णय करावा. प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय आधारसामग्रीत एक विशिष्ट क्रमांक मिळाला. ज्या जुन्या परवान्यांना तो मिळाला नाही, ते ठरलेल्या मुदतीनंतर अवैध मानले जाऊ लागले. कागदावर ही व्यवस्था उत्तम आहे.

आता दुकानाकडे वळू. मुंबईत शस्त्रांचा चोख व्यापार उभा राहिला तो शिकारीवर. १८९१ साली लंडनच्या आर्मी अँड नेव्ही संस्थेने मुंबईत पेढी उघडली. काळ्या घोड्यापाशी तिची इमारत अद्याप उभी आहे. आणि साहेबाला लागणाऱ्या इतर जिनसांबरोबर शिकारीच्या बंदुकाही या संस्थेच्या व्यापाराचा भाग होत्या. साष्टीच्या डोंगरांत, विहार आणि तुळशी या तलावांच्या काठी शिकार हा तेव्हा प्रतिष्ठित छंद होता, आणि त्याच छंदातून या शहरात निसर्गविद्याही रुजली, ही गोष्ट विसरून चालणार नाही. सुमारे १९०८ साली सालीम अली या पोरसवदा मुलाने मामाने दिलेल्या छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून तो चकित झाला, आणि तिची ओळख पटवून घेण्यासाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे गेला. पुढला सारा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. तसली छऱ्याची बंदूक आजही ठराविक शक्तीच्या आणि ठराविक व्यासाच्या आत असेल तर परवान्यावाचून मिळते; पक्षी मारणे मात्र गुन्हा आहे.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आला आणि शिकारीचा बाजार संपला. या अधिनियमातले चौतिसावे कलम उपनगरवासीयांनी मुद्दाम वाचावे असे आहे. अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपली नोंद मुख्य वन्यजीव रक्षकाकडे करावयाची आहे, आणि त्या परिघात नवा परवाना द्यावयाचा तर त्याची पूर्वसंमती घ्यावयाची आहे. पस्तिसाव्या कलमान्वये हीच तरतूद राष्ट्रीय उद्यानालाही लागू होते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेपासून दहा किलोमीटरांचे वर्तुळ काढून पाहा. बोरिवली तर उद्यानाच्या दारातच आहे, मुलुंडची मागली भिंत म्हणजे तोच डोंगर, आणि घाटकोपर व अंधेरी हीदेखील त्या वर्तुळात बसतात. म्हणजे ज्या चार उपनगरांची नावे मी आरंभी घेतली, त्यांतील बंदूकधारकाचा परवाना केवळ पोलिसांशी बांधलेला नाही, डोंगरातल्या बिबट्याशीही बांधलेला आहे. हा कायद्यातला एक सुंदर दुवा आहे. अर्जदारांनी आणि दुकानदारांनी तो ठाऊक करून घ्यावा, एवढेच मी सुचवितो.

शिकार गेली, त्यापाठोपाठ १९८० च्या दशकाच्या मध्यास परदेशी शस्त्रांची खासगी आयातही बंद झाली. नामांकित नेमबाजांना सवलत राहिली, आणि ती योग्यच होती: तिच्यावाचून वरळीच्या नेमबाजी केंद्रात घडलेल्या अंजली भागवत किंवा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीतून पॅरिसच्या कांस्यपदकापर्यंत गेलेला स्वप्निल कुसाळे यांच्यासारखी माणसे आपल्याला पाहावयास मिळाली नसती. पण सामान्य खरेदीदारासाठी बाजार दोनच झऱ्यांवर आला: सरकारी आयुधनिर्माणी आणि देशात आधीपासून असलेला जुना विलायती माल. जुन्या मालात नवी भर पडण्याचा मार्ग खुंटल्यामुळे त्याची किंमत त्याच्या वस्तुगत मोलाशी संबंध तोडून वर गेली; विलायतेत जे जुने पिस्तूल किरकोळ किमतीला मिळते त्याला येथे लाखांनी मोल येऊ लागले. सरकारी मालाची कथा वेगळी. कानपूरच्या कारखान्याने २०१४ साली स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर काढले, त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. दिल्लीतल्या एका तरुणीवर झालेल्या अत्याचाराने सारा देश हादरला असता त्या भीतीला मिळालेले हे उत्तर सव्वा लाखाचे असावे, याचे मला तेव्हा दुःख झाले आणि आजही होते. रात्री दहाच्या लोकलने घाटकोपरला उतरून चाळीकडे चालत जाणाऱ्या परिचारिकेला त्या रिव्हॉल्व्हरचा उपयोग कोणता? तिला हवा असतो रस्त्यावरचा दिवा, आणि नाक्यावर उभा असलेला शिपाई.

२०२१ च्या १ ऑक्टोबरला आयुधनिर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. शस्त्रांची कंपनी कानपुरात आणि दारूगोळ्याची पुण्यात. खडकीचा १८६९ सालचा जुना कारखाना आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना या दुसऱ्या कंपनीत आले. खासगी उद्योगाला २००१ पासून दार उघडलेलेच होते, आणि पुढे वेब्ली अँड स्कॉट हे जुने विलायती नावही उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात रिव्हॉल्व्हर बनवू लागले. माल वाढला, निवड वाढली. परंतु २०१९ च्या दुरुस्तीने खरेदीदाराची मर्यादा आणखी आवळली. १९८३ पासून एका परवान्यावर तीन अग्निशस्त्रे चालत, ती आता दोन झाली, वडिलोपार्जित शस्त्रांनाही तीच मर्यादा लागली, आणि ज्यांच्यापाशी तिसरे होते त्यांनी ते एक वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावयाचे ठरले. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली, हा त्यातला दिलासा. आणि लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, ही त्यातली अत्यावश्यक सक्ती.

शस्त्रविक्रेता आज कशावर जगतो, हे त्याच्या दुकानात थोडा वेळ बसल्यावाचून कळत नाही. भिंतीला लावलेल्या लाकडी घोडीवर बारा बोअरच्या दुनळ्या साखळीत ओवलेल्या असतात. त्यांतल्या किती विक्रीच्या आणि किती ठेवीच्या, हे दुकानदारालाच माहीत. कोणी परदेशी मुलाकडे गेलेला, कोणाचा परवाना नूतनीकरणात अडकलेला, कोणी निवर्तलेला. गिऱ्हाईक काडतुसे घ्यावयास आले की दुकानदार आधी त्याचा परवाना उलगडतो, छायाचित्र आणि चेहरा ताडून पाहतो, मुदत पाहतो, विशिष्ट क्रमांक टिपून घेतो, मागच्या खरेदीच्या नोंदी मोजतो, आणि मग जाड पुठ्ठ्याच्या नोंदवहीत तारीख, नाव, पत्ता, शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची संख्या लिहून सही घेतो. ती वही पोलीस केव्हाही मागू शकतात. ज्याच्या नळीवर किंवा खोबणीवर क्रमांक कोरलेला नाही असे शस्त्र त्याने हातीही धरता कामा नये; ती आठव्या कलमाची आज्ञा आहे. सारे दुकानदार सज्जन असतात असे मी म्हणणार नाही. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात अपात्र इसमांना वाटलेल्या परवान्यांची संख्या केंद्रीय अन्वेषण विभागाने पावणेतीन लाखांच्या वर सांगितली, आणि त्या गैरव्यवहारात अधिकाऱ्यांबरोबर शस्त्रविक्रेत्यांचाही हात असल्याचा त्याचा आरोप आहे. तथापि प्रामाणिक दुकानदाराची ती वही हाच असा एकमेव बिंदू आहे की जेथे माणूस, परवाना आणि शस्त्र हे तिघे एका वेळी, एका जागी, एका सहीखाली हजर होतात.

या बिंदूपर्यंत पोहोचणे सामान्य माणसाला किती कठीण जाते, याचे उदाहरण कोकणातून आलेल्या आपल्या शेजाऱ्यांच्या घरी पाहावे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वानर आणि रानडुक्कर यांच्यापासून भात आणि बागायत राखण्यासाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. वडील गावी वारतात; मुलगा मुलुंडला किंवा बोरिवलीला नोकरीत. परवाना वडिलांच्या नावाचा, तो त्यांच्याबरोबर संपला. बंदूक माळ्यावर तशीच. दिवसकार्य आटोपून मुलगा मुंबईला परततो तेव्हा त्या घरात परवान्यावाचून एक अग्निशस्त्र राहिलेले असते, आणि आपण गुन्ह्याच्या उंबरठ्यावर उभे आहोत याची त्याला कल्पनाही नसते. एकविसावे कलम सांगते की असे शस्त्र विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे. २०१६ च्या नियमांनी वारसाला परवाना देण्याची सोय केली, इतकेच नव्हे तर सत्तर वर्षे पुरी झालेल्या अथवा पंचवीस वर्षे शस्त्र बाळगलेल्या धारकाला हयातीतच वारस नेमण्याची मुभा दिली. ज्यांचे वडील आज गावी आहेत त्यांनी हे काम येत्या गणपतीतच उरकून घ्यावे, असे मी कळकळीने सांगतो. बंदूक नको असेल तर विकण्याचाही मार्ग आहे, पण त्यासाठी आधी दंडाधिकाऱ्याला किंवा ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. या साऱ्यासाठी किती रजा खर्ची पडतात आणि किती खिडक्या पालथ्या घालाव्या लागतात, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. जो माणूस आपण होऊन कायद्याकडे येतो त्याची वाट लांब, आणि जो येतच नाही त्याला वाटच लागत नाही, ही विषमता मला फार डाचते.

येथे मी माझ्या मुख्य म्हणण्यापाशी येतो. उपनगरांतील शस्त्रांचा खरा बाजार दुकानात भरत नाही. तो भरतो सुरक्षारक्षक पुरविणाऱ्या पेढ्यांत आणि ओळखीपाळखीच्या निरोपांत. ज्याला शस्त्राचा आधार हवा असतो तो अर्ज, अहवाल, प्रशिक्षण, वैद्यकीय दाखला यांच्या फेऱ्यात पडत नाही. तो परवाना असलेला माणूस पगारावर ठेवतो. असा माणूस बहुधा उत्तर प्रदेश, बिहार किंवा जम्मू भागातला असतो, त्याने आपल्या जिल्ह्यात आत्मसंरक्षण हे कारण देऊन परवाना काढलेला असतो, जमिनीचा तुकडा गहाण टाकून बंदूक घेतलेली असते, आणि तिच्यामुळेच बिनहत्यारी रक्षकापेक्षा त्याला चार पैसे अधिक मिळतात. त्याच्या पोटाविषयी माझ्या मनात पूर्ण सहानुभूती आहे. बारा तास उभे राहून तो दुसऱ्याचे सोने राखतो. परंतु कायद्याच्या दृष्टीने पाहा काय घडले: परवाना त्याच्या जिवाच्या रक्षणासाठी दिला होता, तो आता दुसऱ्याच्या तिजोरीच्या रक्षणासाठी भाड्याने गेला. अहवाल दिला गावच्या ठाण्याने, शस्त्र वावरते अंधेरीत. धनी मात्र कोठल्याच दफ्तरात नाही. ज्या मालकाला स्वतः अर्ज केला असता तर चारित्र्याच्या कारणावरून कदाचित परवाना नाकारला गेला असता, त्याच्या उशापायथ्याशी भरलेले पिस्तूल येऊन बसते, आणि त्याच्या चारित्र्याची चौकशी कोणी केलेलीच नसते.

ही कल्पनेतली भीती नव्हे. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी बोरिवली पश्चिमेला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर, समाजमाध्यमावरील प्रक्षेपण चालू असताना, गोळ्या झाडण्यात आल्या. त्यात त्यांचा अंत झाला आणि गोळ्या झाडणाऱ्याने स्वतःलाही संपविले. ते पिस्तूल मारेकऱ्याच्या नावाचे नव्हते. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे ते त्याने ठेवलेल्या अंगरक्षकाचे, उत्तर प्रदेशातील परवान्यावरचे होते. अंगरक्षकावर शस्त्र अधिनियमाखाली कारवाई झाली. पुढे उच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला, त्यामुळे प्रकरणाच्या गुणदोषांत शिरणे अनुचित होईल. मला त्यातला एवढाच मुद्दा उचलावयाचा आहे की त्या पिस्तुलाचा खरेदीदार कायद्याला ठाऊक होता, आणि ते वापरणारा हात ठाऊक नव्हता. एकोणतिसावे कलम परवाना नसलेल्याच्या हाती शस्त्र देण्यास शिक्षा सांगते आणि तिसावे कलम परवान्याच्या अटी मोडण्यास. पण ही दोन्ही कलमे जागी होतात ती घटना घडून गेल्यावर. राहण्याचे ठिकाण तीस दिवसांहून अधिक काळ बदलले तर तेथील अधिकाऱ्याला वर्दी द्यावी, हा नियम जुना आहे. या शहरात पगारी शस्त्र घेऊन उभ्या असलेल्या प्रत्येकाने ती वर्दी दिली आहे का, हे पाहणे घटनेआधीही शक्य आहे.

याहून भयंकर असे गावठी कट्ट्यांचे जग आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष करून मी परवानाधारकांच्याच मागे लागलो असा आक्षेप कोणी घेईल. जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्याला लागून सातपुड्याच्या पायथ्याशी उमर्टीसारखी गावे आहेत. तेथे घडविलेली पिस्तुले पुण्या-मुंबईच्या गुन्ह्यांत वर्षानुवर्षे सापडत आली आहेत. बेकायदा निर्मितीला २०१९ च्या दुरुस्तीने सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठरविली, ती रास्तच आहे, आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने या अवैध शस्त्रांची आपण होऊन दखल घेतली, तीही. पण ते काम पोलिसांच्या धाडसाचे आणि त्या डोंगरी गावांतल्या कारागिरांना दुसरा धंदा देण्याचे आहे. व्याख्यानाने त्यात काही भर पडत नाही. भाड्याच्या परवान्याचा प्रश्न मात्र आपल्या उंबरठ्यावरचा आहे, आणि तो सोडविण्यासाठी नवा कायदाही लागत नाही.

बीड जिल्ह्यात एका सरपंचाच्या हत्येनंतर परवान्यांची फेरतपासणी झाली आणि कित्येक परवाने रद्द झाले. निवडणुकीच्या काळात छाननी समिती प्रत्येक परवान्याचा स्वतंत्र विचार करते आणि मग कोणाचे शस्त्र जमा करावयाचे ते ठरविते. म्हणजे ही चाळणी यंत्रणेला जमते. ती निवडणुकीपुरती किंवा हत्येनंतरच का लावावी? खासगी सुरक्षा पेढ्यांसाठी २००५ चा स्वतंत्र अधिनियम आहे; त्याखाली पेढीला परवाना देताना तिच्या प्रत्येक सशस्त्र रक्षकाचा विशिष्ट क्रमांक, त्याच्या शस्त्राचा क्रमांक, त्याला ज्याच्याकडे नेमले त्या धन्याचे नाव आणि जागा, ही माहिती त्या त्या पोलीस ठाण्याच्या वहीत दर तिमाहीस यावी, आणि खासगी अंगरक्षक ठेवणाऱ्या धन्याने स्वतः ठाण्यात हजर होऊन आपली सही करावी. ज्याला सही करण्याचा संकोच वाटेल, त्याला अंगरक्षक कशासाठी हवा आहे, हा प्रश्न ठाणेदाराने विचारावा. त्याचबरोबर जो नागरिक सरळ मार्गाने अर्ज करतो त्याला नियमांनी ठरविलेल्या मुदतीत होकार किंवा सकारण नकार मिळावा, वारसाचे काम एका खिडकीवर व्हावे, आणि दुकानदाराची वही राष्ट्रीय आधारसामग्रीशी त्याच दिवशी जुळावी.

आणि आपल्या हातचे काम याहून सोपे आहे. या सभागृहात सहकारी पतपेढ्यांचे संचालक आहेत, गृहनिर्माण संस्थांचे सचिव आहेत, सराफीचे धंदे असलेले माझे काही गुजराती आणि मराठी स्नेही आहेत. त्यांच्या दारात जो सशस्त्र रक्षक उभा आहे त्याला त्यांनी उद्या सकाळी आदराने आत बोलवावे, चहा द्यावा, आणि त्याचा परवाना पाहावयास मागावा: मुदत चालू आहे का, विशिष्ट क्रमांक आहे का, बंदुकीवर कोरलेला आकडा परवान्यावरच्या आकड्याशी जुळतो का, मुंबईत आल्याची वर्दी स्थानिक ठाण्यात दिली आहे का. वर्दी दिली नसेल तर त्याची नोकरी काढून घेऊ नये. त्याच्याबरोबर ठाण्यात जावे आणि वर्दीच्या कागदावर धनी म्हणून आपलेही नाव लिहून यावे.